बिऱ्हाड

सकाळी सात-दहाला पडदा उजळतो
आणि कालच्याच शब्दांत कालचंच सांगतो:
या यंत्रणेचा आधार ऑक्टोबरमध्ये संपत आहे.
खाली दोन बटणं. आत्ता. नंतर.
'नको' असं बटणच नाही.

मी एदुविना नाउएलकिन.
चिलोएच्या पूर्व किनाऱ्यावर, जिथे भरतीचं पाणी
ऑफिसच्या खांबांना गुडघाभर भिजवून जातं,
तिथे शिंपल्यांच्या सोसायटीचे हिशेब
एकोणीस वर्षं लिहिते आहे.
आधार संपला की काय होतं
ते मला कॉम्प्युटरने शिकवू नये.

त्याच्यात रोसामेलचा प्रोग्राम आहे.
रोसामेल नाही.
प्रोग्राम दर तासाला खाडीत सोडलेल्या सहा तारांना
पाण्याचं तापमान विचारतो,
आणि बारा अंशांच्या वर गेलं की घंटी वाजवतो:
बीज धरायची वेळ झाली, दोर सोडा.
घंटी त्याच्याच सायकलची.
इथेच, या टेबलावर सायकल चढवून
त्याने ती रेकॉर्ड केली होती, टेबलावर चरा आहे.

व्लादिमिर म्हणतो, नव्यात हा चालणार नाही.
मग म्हणतो, चालेलही.
मग म्हणतो, दोन तासांचं काम आहे मावशी,
तुमची कॉफी होईपर्यंत.
माझी कॉफी दोन तास उकळते असं याला कोणी सांगितलं?

पण पलीकडच्या गोदामाचा कॉम्प्युटर
गेल्या हिवाळ्यात कुणीतरी लांबून कुलपात घातला.
पैसे मागितले. यांनी दिले.
परत आली ती अर्धी पानं, तीही मागची.

सहा वेळा 'नंतर' दाबलं.
सातव्यांदा बोट वर उचललं
आणि मला आमचं घर आठवलं.

मी आठ वर्षांची होते, आमचं घर हललं.
घरातलं सामान नव्हे. घर.
भिंती, छप्पर, काचांसकट खिडक्या,
ओंडक्यांवर चढवून, अकरा बैलजोड्या जुंपून,
चिखलातून किनाऱ्यापर्यंत;
पुढे भरतीवर तरंगत, होड्यांच्या मागे,
चौथीतल्या पोरीला खोटं वाटेल असं.
आम्ही त्याला मिंगा म्हणतो. शेजारी ओढतात,
मजुरी घेत नाहीत,
घरवाल्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, बस.

आदल्या रात्री आई खोल्याखोल्यांतून ओरडत फिरली,
जे दिसत नाहीत पण राहतात
त्यांनी आत्ताच्या आत्ता निघावं म्हणून.
वडील बाहेर पाण्याकडे बघत बसलेले.
बुडालं तर?
आई म्हणाली, कडा बघितलात?
कडा दरवर्षी हातभर खचत होता.
कुठल्याही एका दिवशी बघितलं तर
जागच्या जागी दिसायचा.

पलीकडे पोचल्यावर मी आधी खण उघडला.
चमचे होते. मीठ होतं.
फक्त ओव्हनचं दार
त्यानंतर कधी नीट लागलं नाही,
आई मरेपर्यंत त्याला खुर्ची टेकवून ठेवायची.
आणि सफरचंदाचं झाड तिकडेच राहिलं.
झाडं कोण ओढतं?
मार्चमध्ये वडील होडी घेऊन जायचे,
दोन पोती आणायचे.

व्लादिमिरला फोन केला.
म्हटलं, हिशेब ने, नावं ने, पावत्या ने सगळ्या,
नव्या यंत्रात नीट मांड.
जुन्याची नेटची वायर काढ, पण त्याला हलवू नकोस.
खिडकीशी राहू दे, पाणी विचारत.
तो म्हणाला, तसं कुणी करत नाही.
म्हटलं, शनिवारी किती जण येताय?
एकटाच, तो म्हणाला,
माझ्या प्रश्नाचा अर्थ न कळून.

तरी मी मोठंच पातेलं काढलं आहे.
बटाटे सोलते आहे, वीसेक झाले.
घर ओढणारा एक असला
तरी उपाशी कसा पाठवायचा.